बैलबंडीचे चाक: धाव, टायर आणि झाडीतली वाट

बैलबंडीला लाकडी आऱ्यांचे, लोखंडी धावेचे उंच चाक बरे की हवेच्या टायरचे बुटके चाक, हा वाद भारतात गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून चालू आहे. रस्ते बांधणारे अभियंते, प्राण्यांच्या हिताचे कार्यकर्ते, कृषी विद्यापीठांतले संशोधक आणि गावचा वाढई या सगळ्यांची त्यावर मते आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. न जुळण्याचे कारण बरेचदा जमिनीत असते. कोरड्या डांबरावर मोजलेले चाक धानाच्या बांधीत वेगळे वागते.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेचा कुरखेडा तालुका हा वाद समजून घ्यायला सोयीचा आहे. सती नदीच्या काठचे तालुक्याचे गाव, पूर्वेला कोरचीकडे चढत जाणारे जंगल, पश्चिमेला आरमोरी-वडसाकडे वैनगंगेचा सपाट धानपट्टा. हंगामात इथली बंडी एकाच मालासाठी चार तऱ्हेच्या जमिनीवरून जाते. कापलेल्या धानाचे भारे बांधीतून धुरे (शेताचे बांध) ओलांडत पुंजण्यापर्यंत येतात. मळणीनंतर पोती पांदणीने गावात येतात. गावातून मुरमाच्या रस्त्याने आणि पुढे डांबरी सडकेने ती आदिवासी विकास महामंडळाच्या धान खरेदी केंद्रावर पोचतात. सरपणाची फेरी असेल तर जंगलातली खुंट आणि दगडांची वाटही आली. सगळीकडे चाक तेच.

लाकडी चाकाची घडण

जुन्या चाकाचे भाग मोजके आहेत. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडत नेलेले पुठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. तुंब्यातून आख जातो आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ असते. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत लाकडाची ददात नव्हती, त्यामुळे प्रत्येक भागाला वेगळे झाड निवडण्याची चैन वाढयांना परवडली. तिवसाचे लाकूड चिवट, म्हणून चाकाला. धावडा कठीण, म्हणून आखाला. धामण लवचीक, म्हणून दांडीला. पश्चिमेकडच्या देशावर यातली बरीच कामे एकट्या बाभळीवर भागवली गेली.

या चाकाची खरी करामत धाव चढवण्यात आहे. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. जमिनीवर आडवी ठेवलेली कडी गोवऱ्यांच्या जाळात सगळीकडून सारखी तापवतात, लाल झाली की सांडशांनी उचलून चाकावर बसवतात आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओततात. १३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर चार मीटरांहून थोडा जास्त भरतो. लोखंड ५०० अंशांनी तापले तर तेवढ्या घेराची कडी साधारण अडीच सेंटिमीटर लांबते आणि निवताना तेवढीच आखडते. त्या आखडण्याने आरे तुंब्यात आणि पुठे एकमेकांत घट्ट बसतात. खिळ्यांना जे साधले नसते ते इथे थंड होणारे लोखंड करते.

दोष त्याच घडणीत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लाकूड वाळते आणि धाव सैल पडते. मग चाके बोडीत किंवा नाल्यात भिजत घालायची, नाहीतर पुन्हा लोहाराकडे न्यायची. पावसाळ्यात लाकूड फुगते तेव्हा ही तक्रार आपोआप मिटते. वर्षातून दोनदा बदलणारे हे चाक प्रयोगशाळेच्या तक्त्यात एकाच आकड्याने कसे दाखवायचे, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

टायर कसा आला

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉम्सन यांनी १८४०च्या दशकात मांडली. ती व्यवहारात आणली जॉन बॉइड डनलॉप यांनी, १८८८ मध्ये. भारतात डनलॉपचा कारखाना बंगालमधल्या सहागंजला १९३६ साली सुरू झाला, आणि बैलगाडीसाठी टायर हा कंपन्यांच्या मालाचा नेहमीचा भाग झाला. उत्तरेत तर अशा गाडीला कंपनीचेच नाव पडले.

कंपन्यांइतकीच ओढ रस्तेवाल्यांना होती. अरुंद लोखंडी धाव पाण्याने मऊ झालेल्या खडी-मुरमाच्या रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडते, ही तक्रार जुनी. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ते समितीने १९२७-२८ मध्ये आणि नागपूरला १९४३ साली भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांच्या ज्या योजना आखल्या, त्या काळात ग्रामीण सडकेवरचे मुख्य वाहन बैलगाडीच होते. रस्ता चाकाला साजेसा करायचा की चाक रस्त्याला, हा पर्याय तेव्हापासून धोरणकर्त्यांसमोर आहे.

वादाला राष्ट्रीय रूप दिले ते प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे ते पहिले संचालक. एवढ्या मानाच्या जागी बसलेल्या माणसाने बैलगाडीवर अभ्यास उभा करावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या अभ्यासाने देशात जनावरांनी ओढायची सुमारे दीड कोटी वाहने असल्याचा अंदाज पुढे ठेवला आणि या वाहनव्यवस्थेत सुधारणा म्हणजे ऊर्जेचीच बचत, असा मुद्दा मांडला. पुढे त्यांनी ‘कार्टमन’ ही संस्था काढली. त्यांच्या मांडणीत टायर हा एक भाग होता. बेअरिंग, ब्रेक, हलका सांगाडा आणि मानेवर न रुतणारे जू हे बाकीचे भाग. प्रसिद्धी मात्र टायरला मिळाली.

कायद्याने हा विषय त्याआधीच हाताळला होता. ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५च्या केंद्रीय नियमांत दोनचाकी वाहनासाठी ओझ्याच्या मर्यादा चाकावरून ठरवल्या आहेत. लहान बैलासाठी साध्या चाकाला ५०० किलो, हवेच्या टायरला ७५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १,००० किलो. मध्यम आणि मोठ्या बैलांचे आकडे वाढतात, पण एकास दीडास दोन हे प्रमाण कायम राहते. म्हणजे कायद्याच्या नजरेत बेअरिंगचे मोल टायरपेक्षा जास्त आहे. या बारकाव्याकडे नंतरच्या चर्चेत फारसे कुणी पाहिले नाही.

मोजमापाची परंपरा

चाकाची परीक्षा घेण्याची शास्त्रीय रीत बैलगाडीच्या वादापेक्षा जुनी आहे. फ्रान्समध्ये १८३७ नंतरच्या काही वर्षांत आर्थर मोरँ आणि ज्यूल द्यूप्यूई या दोघांनी गाड्यांची ओढ मोजली आणि दोघांचे निष्कर्ष वेगळे निघाले. मोरँ यांच्या मते चाकाचा व्यास जितका वाढेल तितक्याच प्रमाणात ओढ कमी होते. द्यूप्यूई यांच्या मते ती व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. फरक पुस्तकी वाटतो, पण १३० सेंटिमीटरचे चाक काढून ८० सेंटिमीटरचे बसवले तर मोरँ यांच्या हिशेबाने ओढ ६० टक्क्यांहून अधिक वाढते आणि द्यूप्यूई यांच्या हिशेबाने २८ टक्क्यांच्या आत राहते. जमीन किती मऊ आणि चाक किती रुतते यावर कोणता हिशेब जवळचा ते ठरते.

भारतात या कामाला संस्थेचे रूप आले ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पशुऊर्जेच्या वापरावरील समन्वित संशोधन प्रकल्पाने. तो १९८७ मध्ये सुरू झाला, त्याचे समन्वयन भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडे आणि महाराष्ट्रातले केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठात. अशा चाचण्यांत जू आणि गाडी यांच्यामध्ये ताण मोजणारे यंत्र बसवतात, वेग टिपतात आणि बैलाकडेही पाहतात: श्वास, नाडी, अंगाचे तापमान, तोंडाला येणारा फेस, पावले अडखळतात का. सर्वसाधारण नियम असा की बैल दिवसभर आपल्या वजनाच्या सुमारे दहा टक्के इतकी ओढ सहन करतो. अडीचशे किलोच्या दोन बैलांची जोडी म्हणजे जेमतेम ५० किलोची ओढ. गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया भागातली कठाणी ही जात चणीने लहान आणि चिखलातल्या कामाला तरबेज. तिच्या जोडीसाठी हा हिशेब आणखी काटकसरीने करावा लागतो.

चाक आणि जमीन यांच्या नात्यावर अलीकडे सर्वाधिक हौसेने प्रयोग झाले ते मात्र शेतात नाही, स्केटबोर्डवर. सुरुवातीची तिथली चाके धातूची किंवा पक्क्या मातीच्या मिश्रणाची होती. वाटाण्याएवढा खडा आला तरी चाक अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाके बाजारात आणली आणि खेळाचे रूपच बदलले. त्यानंतर चाकांची विभागणी जमीन आणि स्वारीची तऱ्हा पाहून झाली. गुळगुळीत काँक्रीटवर कसरती करणाऱ्याला ५० ते ५४ मिलिमीटरचे, ड्युरोमीटरच्या ‘ए’ मापावर ९९ ते १०१ इतके कठीण चाक लागते, कारण त्याला ते मुद्दाम घसरवायचे असते. खडबडीत रस्त्यावरून नुसते जायचे असेल तर ६० मिलिमीटरच्या पुढचे, ७८च्या आसपासचे मऊ चाक घेतात. ड्युरोमीटर फक्त टोचणी किती रुतते ते सांगतो; दबलेले युरेथेन किती उसळी मारून पूर्ववत होते ते सांगत नाही. त्यामुळे एकाच आकड्याची दोन चाके रस्त्यावर वेगळी धावतात. म्हणून जाणकार स्वार फळी, ट्रक (चाके धरणारा आख) आणि बेअरिंग तीच ठेवून फक्त चाके बदलतात आणि त्याच उतारावर पुन्हा जातात.

बैलबंडीच्या वादात नेमकी हीच शिस्त सुटली. टायरची बंडी म्हटले की तीन बदल एकदम होतात: व्यास घटतो, लोखंडाच्या जागी रबर येते आणि तुंब्यातल्या वंगणाच्या जागी बेअरिंग. मग फायदा कशाचा आणि तोटा कशाचा हे वेगळे काढता येत नाही.

जमिनीनुसार हिशेब

तिन्ही गोष्टी सुट्या करून पाहिल्या तर चित्र बरेच स्पष्ट होते. पाच सेंटिमीटरच्या आखावर फिरणाऱ्या १३० सेंटिमीटरच्या चाकात आखाचे घर्षण २६ पटींनी विभागले जाते. वंगण ठीक असेल तर एक टन ओझ्यामागे त्याचा वाटा सुमारे सहा किलो ओढ. तोच आख ८० सेंटिमीटरच्या चाकाला ठेवला तर हा वाटा नऊ किलोंवर जातो, आणि बॉल बेअरिंग घातले तर एका किलोच्या आसपास उतरतो. कोरड्या डांबरावर एकूण ओढच टनामागे २०-३० किलो असते. तिथे हा फरक मोठा आहे. लोखंडी धाव कठीण रस्त्यावर स्वतः फारशी दबत नाही, त्यामुळे डांबरावर टायरचा खरा लाभ बेअरिंगमधून आणि धक्के गिळण्यातून येतो. चांगल्या वंगणाचे मोठे लाकडी चाक तिथे समजले जाते तितके मागे नसते.

चिखलात गणित उलटते. रोवणीच्या दिवसांत ओल्या कन्हार (भारी काळ्या) जमिनीत ओढ ओझ्याच्या दहा-वीस टक्क्यांवर सहज जाते. तिथे बेअरिंगने वाचवलेले पाच-आठ किलो कोणाच्या खिजगणतीत नसतात. महत्त्व रुंदीला येते. टायरचा जमिनीवरचा दाब ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका राहतो, अरुंद धाव मात्र सुरीसारखी आत जाते. त्यामुळे मऊ, खोल मातीत टायर वरचढ, असे बहुतेक मोजणारे मानतात. वर ओला, खाली टणक असा थर असला की अनुभव वेगळा. तिथे अरुंद धाव वरचा गाळ कापून खालच्या टणकावर टेकते आणि चिकट माती आऱ्यांमधून गळून पडते. सिहार आणि मोरंड जमिनींच्या बांध्यांत हे दोन्ही प्रकार एकाच शिवारात भेटतात.

तिसरी जागा धुऱ्याची आणि खुंटाची. पाच सेंटिमीटर उंच कठीण अडथळा चढायला १३० सेंटिमीटरच्या चाकाला आखावरच्या ओझ्याच्या सुमारे ४२ टक्के आडवी ओढ लागते, ८० सेंटिमीटरच्या कठीण चाकाला ५५ टक्के. हवेचा टायर लहान खडा पोटात घेतो, म्हणून हा तोटा काहीसा भरून निघतो; धुऱ्यासारखी चढण तो पोटात घेऊ शकत नाही. कुरखेड्याकडच्या लहान-लहान बांध्यांत एका फेरीला असे कितीतरी धुरे येतात. धान भरताना दोन माणसे मागून चाकाच्या आऱ्यांना हात घालून रेटा देतात. टायरच्या पत्र्याच्या चकतीला असा हात घालता येत नाही. ही गोष्ट चाचणीच्या कोणत्याच नोंदीत येत नाही, पण शेतकऱ्याच्या निवडीत येते.

पक्ष आणि त्यांचे म्हणणे

टायरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला आधार जनावराचा त्रास. धक्के कमी बसतात, मानेवरचे हिसके कमी होतात आणि तेवढ्याच ओढीत माल जास्त जातो. दुसरा आधार रस्त्याचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, त्यानंतर डांबर जंगलातल्या गावांपर्यंत पोचले, आणि बंडीच्या वर्षभराच्या चालीत सडकेचा वाटा वाढला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पांदण रस्ते पक्के करण्याचे धोरण आणले, तेही याच दिशेचे. या पक्षावरचा आक्षेप असा की वाचलेली ताकद बैलाला मिळत नाही. चाक हलके चालते म्हटल्यावर ओझेच वाढवले जाते, आणि १९६५च्या नियमांनी तर ते वाढवायला परवानगीच दिली आहे. त्याच नियमांत तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये असेही आहे. एप्रिल-मेमध्ये झाडीपट्टीत ही अट जवळपास रोज लागू पडते.

लाकडी चाकाच्या बाजूचे म्हणणे दुरुस्तीपासून सुरू होते. बोरी-बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या पांदणीत पंक्चर झाले आणि वर वीस पोती असली तर काय, हा त्यांचा साधा प्रश्न आहे. आरा मोडला तर गावातला वाढई बसवतो, धाव गावातला लोहार चढवतो. उंच चाकामुळे बंडीचे बूड नाल्याच्या पाण्यावर आणि खुंटांवर राहते. विरुद्ध बाजू म्हणते की हे गाव आता तसे उरलेले नाही. चाक घडवणारे हात कमी झाले आहेत, तिवस-धावड्याचे लाकूड वनखात्याच्या नियमांच्या चौकटीतूनच मिळते, आणि पंक्चरचे दुकान लोहाराच्या भात्यापेक्षा लवकर सापडते. दोन्ही म्हणणी आपापल्या गावापुरती खरी आहेत. सडकेपासूनचे अंतर मोजले की कोणते गाव कोणत्या बाजूला ते बहुधा कळते.

मधला पक्ष मिश्र चाकांचा. उंच चाक ठेवून तुंब्यात बेअरिंग, लोखंडी धावेवर रबराची पट्टी, पूर्ण पोलादी चाक, किंवा मोटारीचे जुने टायर आणि आख यांची जुळवणी. यातली शेवटची सोडली तर बाकीची फार पसरली नाहीत. पॉल स्टार्की यांनी १९८८ मध्ये बैलांनी ओढायच्या चाकांच्या बहुउपयोगी औजारांचा जगभरचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना हेच आढळले होते: संशोधन केंद्रात उत्तम ठरलेली औजारे शेतकऱ्यांनी नाकारली. महाग, जड आणि एका वेळी अनेक कामांसाठी जुळवावी लागणारी वस्तू शेतकऱ्याला नको होती. जुने टायर मात्र भंगारात स्वस्त मिळतात आणि वेल्डिंगच्या दुकानात बंडी उभी राहते. तिच्या आखाचा तोल, जुवावर येणारा भार आणि चाकाची सरळ रेष कोणी तपासत नाही, ही तिची कमजोरी.

चौथा पक्ष वादच संपला असे मानतो. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि छोटा मालवाहू टेम्पो यांनी सडकेवरचे काम घेतले. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात गाई वाढल्या आणि बैल घटले, हा त्यांचा पुरावा. तो सडकेपुरता भक्कम आहे. पावसाळ्यातल्या बांधीत आणि ट्रॉली न वळणाऱ्या जंगलवाटेत तो सैल पडतो. वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांत गौण वनोपज वाहून नेण्यासाठी डोक्यावरचा भार, सायकल आणि हातगाडी एवढीच साधने नोंदली होती; बैलबंडीचे नाव नव्हते. २०१२च्या दुरुस्तीने ‘योग्य साधन’ अशी मोकळीक दिली. जंगलातल्या वाहतुकीत बंडीला जागा आहे का, हे इतकी वर्षे कागदावरही ठरलेले नव्हते.

शंकरपटाचे वेगळे शास्त्र

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, चाकाकडून अपेक्षाच निराळी असते. सुगीनंतर झाडीपट्टीत पट, मंडई आणि रात्रीचे नाटक यांचा हंगाम सुरू होतो. नाटक कंपन्यांचे केंद्र असलेले वडसा कुरखेड्याच्या शेजारचेच. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४च्या निकालाने शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पटाच्या छकड्यावर माल नसतो, असतो तो एक धुरकरी, म्हणजे हाकणारा. इथे ओढीपेक्षा वेग पकडण्याला महत्त्व. चाकाच्या कडेवरचे वजन वेग घेताना जवळपास दुप्पट मोजावे लागते, कारण ते पुढेही न्यायचे आणि फिरवायचेही. मंद चालीच्या मालबंडीत जड धाव खपून जाते, पटात ती नडते. म्हणून छकडा हलका आणि त्याचे चाकही हलके. पटाच्या चाकावर शास्त्रीय मोजमाप जवळपास झालेलेच नाही. निवड सगळी धुरकऱ्यांच्या आणि वाढयांच्या अनुभवावर चालते.

सुटायचे राहिलेले प्रश्न

पहिला प्रश्न चाचणीच्या जमिनीचा. डांबर, कोरडी माती आणि मऊ माती असे तीन पट्टे आखून केलेली मोजणी धुरे, खुंट आणि नाले यांच्याबद्दल मुकी राहते. अडथळ्यावरची क्षणिक ओढ सरासरी ओढीपेक्षा कित्येक पट असते आणि बैलाच्या खांद्याला इजा होते ती तिनेच. तरी बहुतेक तुलना सरासरीवरच केल्या जातात.

दुसरा प्रश्न खर्चाचा. लाकडी चाकाचा खर्च दर दोन-चार वर्षांनी थोडा-थोडा होतो, टायरचा एकदम. दहा वर्षांचा मिळून हिशेब, त्यात पंक्चर, वंगण, धाव पुन्हा चढवणे आणि खोळंबलेले दिवस धरून, जमीननिहाय मांडायला हवा. एका हंगामाच्या तुलनेवरून काढलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंना वापरता येतो, आणि वापरला जातो.

तिसरा प्रश्न ब्रेकचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. बेअरिंगचे चाक उतारावर आपोआप धावते आणि एक टन मालाचा रेटा जुवातून थेट बैलांच्या मानेवर येतो. लाकडी चाकात आखाचे घर्षण थोडा तरी अटकाव करत असे. रामस्वामींच्या आराखड्यात ब्रेक होता. भंगारातून उभ्या राहिलेल्या टायरच्या बंडीत तो सहसा नसतो. सपाट धानपट्ट्यात हे खपते. कोरचीकडच्या घाटात धुरकरी चाकाखाली दगड सरकवतो किंवा मागे लाकडाचा ओंडका बांधून ओढत नेतो. १९६५च्या नियमांनी बेअरिंगला दुप्पट ओझे दिले, पण ओझ्याच्या त्या तक्त्यात उतारासाठी वेगळा रकाना नाही.